डब्ल्यू म्हंजी वॉटर

मेव्हणीच्या साखरपुड्यासाठी घेतलेला पांढरा सदरा मी परवा तासगावच्या एका ऑइलच्या दुकानात वाया घालवला. उजव्या बाहीवर चार बोटांचा काळा पट्टा उमटलाय. लिंबू झालं, रॉकेल झालं, बायकोचे टोमणे झाले. पट्टा जागचा हललेला नाही.

निमित्त आजोबांच्या ट्रॅक्टरचं. इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रानं १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत कंपनी काढली, तिचा हा थोरला. आमच्या घरात तो माझ्या आधी आला आणि मानाचा क्रमही तोच आहे. नांगरट आता नवा ट्रॅक्टर करतो. हा बेंदराला अंघोळ करून, हार घालून वेशीपर्यंत जातो आणि अर्ध्या गावाला धुरात कोंडून परत येतो. बेंदूर तोंडावर आला होता, म्हणून ऑइल बदलायचं होतं. जुन्या ऑइलचा नमुना पाण्याच्या बाटलीत भरून घेतला होता. तेवढं शहाणपण नडलं.

"जुनं इंजिन आहे. सिंगल ग्रेड चाळीस मिळेल का?" मी विचारलं. म्हणजे एकाच नंबरचं, जुन्या पद्धतीचं ऑइल.

दुकानदारानं मोबाइलमधून मान वर न काढता साडेसात लिटरचा डबा काउंटरवर आपटला. "पंधरा-डब्ल्यू-चाळीस. सगळ्यास्नी हेच देतो. बादली फ्री."

आणि मग ग्रीसच्या डब्यावर बसलेले तात्या बोलले. ते गिऱ्हाईक नव्हते, दुकानातलेही नव्हते. सकाळपासून एका ऑइल सीलची वाट बघत बसलेत असं कळलं. कोणत्या दिवसाच्या सकाळपासून, ते विचारायचं राहिलं.

"पाव्हणं, घेऊ नगा. त्यात पंधरा टक्के पाणी असतंय."

"पाणी?"

"डब्ल्यू म्हंजी वॉटर. छापलंयच की डब्यावर."

मी समजावून सांगायला गेलो. तिथंच चुकलं. म्हटलं, तात्या, डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. हे ऑइल थंडीत पंधरा नंबरसारखं पातळ राहतं, म्हणजे सकाळी सेल मारला की लगेच वरपर्यंत पोचतं. आणि इंजिन तापलं की चाळीस नंबरच्या ऑइलइतकं दाट टिकतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेरच्या उन्हाकडं बोट केलं.

"आपल्याकडं बर्फ कुठं पडतंय?"

दुकान हसलं. एव्हाना दुकान म्हणजे सात माणसं झाली होती.

"बरं, मग चाळीस म्हणजे काय?"

"चाळीस एचपीपतोर चालतंय. तुमचा पस्तीसचा. म्हंजी पाच वाया."

मग त्यांची नजर बाटलीवर गेली. झाकण काढून आधी वास घेतला. चार बोटं बुडवली, अंगठ्यानं चोळली, डोळे मिटले. नाडी बघताना वैद्याच्या चेहऱ्यावरही इतकी चिंता नसते. "रंग उजेडात कळत न्हाई, पांढऱ्यावर कळतोय," म्हणाले आणि चारही बोटं माझ्या बाहीवर ओढली. "हां. आता बघा. काळंकुट्ट. बाद!"

मी नुसता बघत राहिलो. अहो, ऑइल काळं पडतं कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं, तेच त्याचं काम, हे सांगायचं होतं. पण बाही धरून उभा असलेला माणूस कुणाला पटवणार? आमचे आजोबाही ऑइल मोजायची पट्टी पुसायला धोतराचा सोगा वापरायचे. पण स्वतःच्या धोतराचा.

तात्यांची गाडी पुढं डिझेलवर गेली. "आताच्या डिझेलात दम न्हाई. चाटून बघा." मी चाटलं नाही. ते रोज चाटत असावेत. उपाय म्हणून टाकीत एक मग जळकं ऑइल ओतायला सांगितलं. आता यात चिमूटभर तथ्य आहे, म्हणूनच जास्त राग येतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमाचं डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपुरतं. त्याआधीच्या बीएस-चारमध्ये पन्नासपर्यंत चालायचं. गंधक काढताना डिझेलचं अंगचं वंगणही कमी होतं, पण ते भरून काढणारं रसायन रिफायनरीतच मिसळतात. जळक्या ऑइलनं इंजिनाच्या डिझेल पंपाचं भलं होत नाही, त्यातली घाण फिल्टर चोंदवते आणि नोझलपर्यंत जाते. पण सात माणसांत मान कुणाच्या बाजूनं हलते? जो चाटतो त्याच्या.

बरं, एका बाबतीत तात्या खरे निघाले आणि ते मला अजून पचलेलं नाही. निघताना ते म्हणाले, "काय बी घाला, पर आधी चेंबर उतरवा." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. आमच्या ट्रॅक्टरनं जन्मभर साधं, बिनडिटर्जंटचं ऑइल पिलेलं. असलं ऑइल काजळी पुरती धरून ठेवत नाही, बरीचशी तळाला बसते. वरून एकदम नवं ऑइल घातलं की ते धुणं काढतं आणि सुटलेला गाळ थेट फिल्टरमध्ये. मिस्त्रीनं चेंबर उतरवलं तर आत बोटभर जाड काळी साय. खुरप्यानं खरवडली.

ऑइल शेवटी तेच घेतलं, पंधरा-डब्ल्यू-चाळीस. दुसरं नव्हतंच. ज्या ऑइलची स्कीम जोरात ते फळीवर. इंजिनाचं वय कोण विचारतो? बादली संपली होती. डब्यावरचं सील किंचित सैल वाटलं. विचारलं तर, "आमच्याकडं डुप्लिकेट येत न्हाई," हे उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. ते खरंही असेल. पण भंगारवाला रिकाम्या डब्याला झाकणासकट जास्त पैसे देतो, ते काही झाकण शोकेसमध्ये मांडायला नाही. त्यात काय भरून, कुठल्या फळीवर जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. हजारोंचं इंजिनकाम त्या झाकणावर टांगलेलं, आणि गिऱ्हाइकानं काय करायचं? वास घ्यायचा, बोटं चोळायची. म्हणजे तात्याच व्हायचं.

म्हणून घरी ठरवलं होतं की रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडूनच टाकायचा. ऑइल भरलं, ट्रॅक्टर सुरू केला, प्रेशरचा काटा चढताना बघून बरं वाटलं. हात धुतले, खिळा आणि हातोडी घेऊन मागच्या दारी गेलो. डबा नव्हता.

"आई, डबा कुठाय?"

"लसणावर दिला."

"झाकणासकट?"

"मग? झाकणापायी तर पावशेर जास्त दिला त्यानं."