तो प्रश्न गाळू नका

“कोठडीतल्या पोरांच्या मानसिक तपासणीचे लाड बंद करा” असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझी मावसबहीण निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात तिथे, नव्या मुलांची नोंद करते. तिच्यापर्यंतही तो पोचला आणि तिने मला विचारलं, “ताई, तो आत्महत्येचा प्रश्न गाळू का आता?” म्हणून सगळ्यात घातक मुद्दाच आधी घेते.

मेसेज म्हणतो, आत्महत्येबद्दल विचारलं की तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो. नाही शिरत. हे तपासून झालंय. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांचा अभ्यास २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना हे प्रश्न आधी विचारले, काहींना नाही. विचारलेल्यांचा ना मानसिक त्रास वाढला, ना आत्महत्येचे विचार. नैराश्यातल्या मुलांनाही विचारल्याने अपाय झाला नाही. ती मुलं शाळेतली होती, कोठडीतली नव्हेत, हे मान्य. पण मेसेजवाल्याने तर तेवढाही आधार दिलेला नाही.

आणि पहिल्या रात्री विचारायचं नाही तर कधी? मूल घरापासून तुटलेलं, दार बाहेरून बंद, पुढे काय होणार ठाऊक नाही. इतर मुलांच्या कानावर जाणार नाही अशा जागी बसवून सरळ शब्दांत विचारायचं. “हो” म्हणालं तर एकटं ठेवायचं नाही, नाडी-पट्टा काढून घ्यायचा, समुपदेशकाला लगेच बोलवायचं. प्रश्नच गाळला तर यातलं काय होणार?

मेसेजमधला पुढचा मुद्दा: “सगळी नाटकं असतात.” शिकागोच्या बालकोठडीत १९९५ ते १९९८ या काळात १८२९ मुलामुलींच्या सविस्तर मुलाखती झाल्या. जवळपास दोन तृतीयांश मुलगे आणि तीन चतुर्थांश मुली कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराच्या निकषांत बसल्या. उनाडपणालाच आजार म्हटलं असेल, असं वाटतंय? वर्तनविकार बाजूला काढूनही मुलग्यांमधलं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास राहिलं.

मग म्हणे, “वेड्याचा शिक्का बसतो.” अशा मुलांच्या तपासणीसाठी वापरतात त्या मायसी-२ या प्रश्नावलीत ‘हो-नाही’चे ५२ प्रश्न आहेत, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यावरून निदान होत नाही, कोणाकडे आधी लक्ष द्यायचं ते कळतं.

उत्तरं खटल्यात वापरली जातील, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. नशेबद्दल खरं बोललेल्या मुलाविरुद्ध तेच बोलणं उभं राहू शकतं. मग उत्तरं खटल्यापासून दूर ठेवणारा लेखी नियम मागा, आणि तो मुलाला पहिल्या प्रश्नाआधी समजावून सांगा. त्यासाठी तपासणी बंद करायची काहीच गरज नाही.