‘जावा ८ सोडू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाचीला नोकरीत पहिलंच जबाबदारीचं काम मिळालंय. टीमचं ॲप्लिकेशन जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ८ या आवृत्तीवरून वर न्यायचं की नाही, ते तपासून सांगायचं. परवा तिने एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, मग मी नको म्हणूनच कळवते.” मेसेज म्हणतो की नवी जावा विकतची आहे, ८ ला २०३० पर्यंत सपोर्ट आहे, वर गेलं की जुना कोड मोडतो, सुरक्षेची भोकं नव्या आवृत्त्यांतच आहेत आणि आपल्या कामाचं त्यांत काही नाही. असलं वाचून लोक सर्व्हरचे निर्णय घेतात, याचा मला संताप येतो.

पैसे आणि २०३० हे मुद्दे एकत्रच घेते, कारण खरा धोका तिथेच आहे. जावा चालवणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या सपोर्ट रोडमॅपवर २०३० हे साल आहे, पण पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी. व्यावसायिक वापराला मिळणारी जावा ८ ची मोफत अपडेट्स जानेवारी २०१९ मध्येच थांबली. तुमच्या सर्व्हरवर ओरॅकलची १.८.०_२०२ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल, तर त्यानंतरचा एकही सुरक्षा पॅच (दुरुस्ती) तिथे पोचलेला नाही. त्यापुढचं ओरॅकलचं जावा ८ प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, टाकायचं, तर परवाना विकत घ्यावा लागतो! उलट जावा १७ पासून ओरॅकल एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टची, आवृत्ती प्रॉडक्शनसाठीही मोफत देते, पुढची एलटीएस आल्यावर एक वर्षापर्यंत; १७ ची ती मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. म्हणजे पैसे नेमके जुन्यालाच पडतात. शिवाय टेम्युरिन आणि कोरेटो ही ओपनजेडीकेची, म्हणजे जावाच्या मुक्त-स्रोत रूपाची, तयार बिल्ड्स मोफत आहेत. काही कारणाने ८ वरच राहणं भाग असेल, तर निदान यातलं एखादं टाका. त्यांत जावा ८ चेही पॅच येतात.

भोकांबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल. एप्रिल २०२२ मध्ये उघड झालेला डिजिटल सहीच्या तपासणीतला दोष जावा १५ ते १८ मध्ये होता, ८ मध्ये नव्हता. शून्यांची कोरी सहीसुद्धा खरी मानली जात होती. गंभीरच प्रकार. पण त्याचा पॅच त्याच महिन्यात आला. जानेवारी २०१९ वर थांबलेल्या सर्व्हरला कुठलाच पॅच येत नाही.

‘आपल्या कामाचं काही नाही’ हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, आहे आणि त्यात देवनागरी नीट बसते. त्याआधी विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाइल लिहिली की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटायची.

राहिला कोड मोडण्याचा मुद्दा. मोडतो, पण कुठे ते आधीच कळतं. जावा ११ मधून जॅक्स-बी ही एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी काढून टाकली, ती डिपेंडन्सी म्हणून बाहेरून वेगळी जोडता येते. जावा १७ ने जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) आतल्या बहुतेक क्लासेसची चोरवाट बंद केली. जेडीकेसोबतच येणारं जेडेप्स हे तपासणीचं साधन आपल्या जार फाइल्सवर (बांधून ठेवलेल्या जावा कोडवर) चालवलं, की त्या वाटा कोण वापरतंय त्याची यादी मिळते. मोठं काम आहे ते स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ३ या आवृत्तीचं, कारण तिथे कोडमधल्या पॅकेजांच्या नावांत जावाएक्सच्या जागी जकार्ता येतं. पण स्प्रिंग बूट २.७ जावा १७ वर चालतं. तेव्हा आधी फक्त जावा बदलायची, टेस्ट चालवायच्या, प्रॉडक्शनमध्ये स्थिरावू द्यायचं आणि मगच स्प्रिंगला हात लावायचा. भाचीने वरिष्ठांना याच क्रमाने लिहून द्यावं, जेडेप्सची यादी सोबत जोडून.