घोडी सपाटच दिसते, पण कारण वेगळं आहे

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: धावत्या घोडीचे लागोपाठ फोटो काढायला छायाचित्रकार मायब्रिजने लावलेल्या बारा कॅमेऱ्यांच्या रांगेला मी माझ्या लेखात 'खोलीच्या (थ्रीडीच्या) आभासाची सुरुवात' म्हटलं ते चूक. कॅमेरे एकमेकांपासून २७ इंचांवर, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या दहापट लांब. त्यातून खोली दिसणारच नाही. आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात यावर घोडीचा मालक स्टॅनफर्ड याने लावलेली २५ हजार डॉलरची पैज ही लोणकढी थाप.

पैजेचं मान्य. पक्का पुरावा नाही, चुरचुरीत किस्सा म्हणून मीच घातला होता. काढून टाकलाय.

खोलीबद्दलचा निष्कर्षही बरोबर, पण कारण पटत नाही. अंतर जास्त म्हणून खोली जात नाही, उलट वाढते. नकाशांसाठी विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये दोन जागांतलं अंतर शेकडो मीटर असतं, आणि स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या यंत्राखाली) डोंगर आहेत त्याहून उंच दिसतात.

मग घोडी सपाट का? काल रात्री सॅली गार्डनर या घोडीच्या फोटोपट्टीतली (पालो आल्टो, १९ जून १८७८) लागोपाठची दोन चित्रं छापून कापली, शेजारी ठेवली आणि डोळे तिरळे करून एकावर एक आणली. बायको म्हणाली, असेच राहतील एक दिवस. घोडीचं धड पुठ्ठ्यातून कापल्यासारखं चपटं. पाय मात्र लुकलुकतात, कारण दोन चित्रांमध्ये सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग उलटून गेलाय. गोम अशी, की ट्रॅकवर आडवा ताणलेला दोरा घोडीच्या धडकेने तुटला की त्या दोऱ्याचाच कॅमेरा उघडायचा. म्हणजे कॅमेरा २७ इंच पुढचा, तर घोडीही २७ इंच पुढे. तिच्यापुरतं बोलायचं तर प्रत्येक कॅमेरा तिला त्याच बाजूने, त्याच कोनातून बघतोय. डोळे दोन, पण दोन्ही एकाच जागी!

बरं, मागचा पडदा तरी सरकेल? तोही नाही. त्यावरच्या उभ्या रेघासुद्धा २७ इंचांवरच आखलेल्या. कॅमेरा एक घर पुढे गेला की रेघेच्या जागी पुढची रेघ येते आणि रेघेवर रेघ चपखल बसते. भांडतात ते फक्त रेघांना दिलेले आकडे. मायब्रिजला तिथे मोजमाप हवं होतं, आणि मोजमापासाठी केलेल्या नेमक्या त्या सोयीनेच खोली मारली.

पण 'मायब्रिजचा खोलीशी काडीचा संबंध नाही' हे तुमचं शेवटचं वाक्य मी सोडणार नाही. घोड्यांच्या आधी हा माणूस योसेमिटीचे स्टिरिओ फोटो काढून विकत होता. दोन डोळ्यांचं गणित त्याच्या हातात मुरलेलं होतं. पुढे 'ॲनिमल्स इन मोशन' (१८९९) या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच सांगितलंय, की व्हीटस्टन या शास्त्रज्ञाच्या आरशांच्या स्टिरिओस्कोपला त्याने दोन झोएट्रोप जोडले, म्हणजे फटींचे दोन फिरते डबे, एकेका डोळ्यासाठी एकेक. त्यात त्याला छोटासा, पण भरीव वाटणारा घोडा दुडकताना दिसला. सिनेमा जन्माला यायच्या आधी!

आणि १८७९ मध्ये त्याने पाच कॅमेरे अर्धवर्तुळात लावून एकाच क्षणी उघडले. समोर कसरतपटू. ती पाच चित्रं लागोपाठ पाहिली तर माणूस आहे त्या पवित्र्यात थिजलेला, आणि आपण त्याच्याभोवती फिरतोय. 'बुलेट टाइम'चे, म्हणजे सिनेमात क्षण थिजवून कॅमेरा त्याभोवती फिरवण्याच्या करामतीचे, पणजोबा शोधायचे तर इथे. मी लेखात नेमकी भलतीच मालिका दाखवली, चूक ती आहे. घोडीच्या जागी हे कसरतपटू टाकतोय.

तिरळ्या डोळ्यांचा प्रयोग तुम्हीही करून बघा, पण बारावं चित्र घेऊ नका. त्यात घोडी नुसती उभी आहे.