खुलासा: गोडसे भटजींचं पुस्तक रोजनिशी नाही

झाशी-ग्वाल्हेरच्या सहलीला निघालेल्या सोलापूरकरांमध्ये ‘माझा प्रवास ही १८५७ साली जागेवरच लिहिलेली रोजनिशी’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ‘माझा प्रवास’चे लेखक, कोकणातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला घरून निघाले खरे, पण लिहायला बसले १८८३ च्या सुमारास, इतिहासलेखक चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, आठवणीतून. पुस्तक आलं १९०७ मध्ये, तेही वैद्यांनी हात फिरवल्यावर. त्यामुळे तारखा आणि फौजांचे आकडे पडताळूनच घ्यावेत.

मात्र इंग्रजांनी १८५८ मध्ये झाशीला घातलेल्या वेढ्यात भटजी स्वतः शहरात होते. तोफगोळे, इंग्रज शिरल्यावरची कत्तल, लूट हे सगळं त्यांनी सोसलेलं आहे; किल्ला पाहताना ती पानं वाचायलाच हवीत. इतिहास संशोधक दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच सोबत न्या.