कोपर वर घे, बाळ्या!

चहाचा पहिला घोट घेऊन बाळ्याने निकाल लावला, "जपानची भालाफेकवाली किटागुची संपली. 2025 ची टोकियोतली जागतिक स्पर्धा, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक आणि 60.38 मीटर! फायनलला बारा जणी जातात, त्यातसुद्धा नाही."

बाळ्याचे सगळे निकाल मोबाइलवरूनच लागतात. भाला त्याने टीव्हीतही नीट बघितलेला नाही.

"तिचं उजवं कोपर दुखावलं होतं," शुभा म्हणाली. "शेवटी डावा पाय ताठ रोवायचा, धाव तिथे अडते आणि तो जोर कंबर, खांदा, कोपर असा वर चढतो. कोपर खांद्याखाली घसरलं की हाडं बांधून ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटवर सगळा ताण. दुखतंय म्हणून हात सांभाळत टाकलास तर टोक वर उठतं आणि भाला हवेतच रेंगाळतो. बायकांचा भाला 600 ग्रॅमचाच."

"आणि 2021 च्या ऑलिम्पिकला? तेच स्टेडियम. पात्रतेला 62.06, फायनलला 55.42. बारावी!"

"तेव्हा डावी कूस दुखावली होती. फास्ट बोलरला साइड स्ट्रेन होतो, तोच. तुझ्या लाडक्या बोलरला झाला की तू आठवडाभर सुतक पाळतोस."

"बाळ्याला तो कॅरम खेळताना पण होतो," मन्या म्हणाला. मागच्या गणपतीतली कॅरमची फायनल मन्या अजून विसरलेला नाही.

बाळ्या हटला नाही. "तिची सगळी पुण्याई शेवटच्या फेकीची. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पाच फेकी झाल्या तरी चौथ्या नंबरवर, मग सहाव्या फेकीला 66.73 आणि सुवर्ण. त्याआधीच्या यूजीनच्या स्पर्धेत पण सहावीच! 63.27, चीनच्या लिऊ शियिंगपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त, म्हणून ब्राँझ. नशीब म्हणतात याला."

"आणि पॅरिस ऑलिम्पिकला? 65.80, पहिलीच फेक. बाकीच्या जणी शेवटपर्यंत त्याच आकड्याच्या मागे. त्या दिवशी नशीब लवकर उठलं होतं का?"

अप्पा खुदकन हसले. शुभाला तेवढंच हवं होतं.

"लहानपणी पोहायची ती, बॅडमिंटन पण खेळायची. खांदे एवढे सैल की हात खूप मागे जातो. म्हणजे भाल्याला जोर द्यायला जास्त अंतर मिळतं. पण पाय रोवायच्या आधी हात पुढे आला की गेलं सगळं, मग खांदा कितीही सैल असू दे. हे जुळवायला ती चेक प्रजासत्ताकात डोमाझलिसे गावी सेकेराक या प्रशिक्षकाकडे गेली. भाषा शिकली त्यांची. 2023 ला ब्रुसेल्समध्ये 67.38 टाकला, तो जपानचा विक्रम आहे."

"नीरजनेही चेकच प्रशिक्षक धरला की, झेलेझनी," अप्पा म्हणाले. "त्याच टोकियोत 84.03, आठवा नंबर."

"अप्पा, त्याची पाठ दुखत होती!" बाळ्या उसळला.

"वा! नीरजची पाठ दुखली की दुखापत, हिचं कोपर दुखलं की संपली."

यावर बाळ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने अप्पांची छत्री उचलली. "अरे, एवढं काय असतं त्यात?" म्हणत तीन आडव्या उड्या घेतल्या.

"कोपर वर!" शुभा ओरडली.

कोपर खालीच राहिलं, चप्पल सटकली आणि छत्री हातातच फाडकन उघडली.

"फाऊल," अप्पा म्हणाले. "गटार ओलांडलंस."

मन्याला ठसका लागला. चहा बाळ्याच्या शर्टावर.