रक्ताची उलटी आणि गुलकंदाचा उतारा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज तिसऱ्यांदा आला : 'रक्ताची उलटी म्हणजे अंगातली उष्णता. थंड दूध, गुलकंद घ्या. न पिणाऱ्याला धोका नाही. सोनोग्राफी पुरे, दुर्बीण घालू देऊ नका, फाटलेलं आणखी फाटतं.' माझा दिवस एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने आत बघायच्या, खोलीतच जातो, तेव्हा गप्प बसवेना.

उष्णता वगैरे काही नाही. लागोपाठ जोराच्या ओकाऱ्या आल्या की पोटातला दाब चढतो आणि अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या अस्तराला उभी चीर जाते. बॉस्टनच्या मॅलरी आणि वाइस यांनी 1929 मध्ये हे नोंदवलं. त्यांचे रुग्ण दारू पिणारे होते, म्हणून तो 'न पिणाऱ्याला'वाला समज. पण गरोदरपणातल्या उलट्यांनी, बाहेरचं खाणं बाधल्यानंतरही चीर जाते.

दहातल्या आठ-नऊ जणांचं रक्त आपोआप थांबतं. गुलकंदाचं फावतं ते इथे! दुधाने मात्र आमचीच पंचाईत होते : आत सगळं पांढरं, आणि ते श्वासनलिकेत जायची भीती.

सोनोग्राफीत ही चीर दिसत नाही.

राहिली दुर्बीण. करंगळीएवढी नळी आत गेली की चीर समोर येते : लाल रेघ, कधी वर काळी खपली. रक्त थांबलेलं असेल तर तिला हातही लावत नाही. ॲसिड कमी करणारं औषध देतो, दोन-तीन दिवसांत ती भरते. रक्त वाहत असेल तर त्याच नळीतून क्लिप, म्हणजे बारीकसा चिमटा, लावून कडा जुळवतो. तो पुढे आपसूक गळून जातो. नुसत्या ॲड्रेनॅलिनच्या, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनवर भागवत नाही. आणि मुळात ही चीरच आहे, अल्सर नाही, लिव्हरच्या आजारात फुगलेल्या शिरा नाहीत, हे उलटीकडे बघून मलाही सांगता येत नाही. त्या शिरा फुटल्या तर जिवावर बेततं.

पहिलं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून पेशंटला घरी नेऊ नका, आकडा उतरायला काही तास लागतात. चक्कर, घाम, डांबरासारखी काळी शी असेल तर 108 लावा. ओकारीनंतर छातीत असह्य कळ आली तर अन्ननलिकेची अख्खी भिंत फाटलेली असू शकते. तिथे मात्र दुर्बिणीआधी सीटी स्कॅन, तोही ताबडतोब.

हे ग्रुपवर टाकल्यावर एका काकूंचा प्रश्न आला, 'मग दूध कधी द्यायचं?' दुर्बीण झाल्यावर, काकू. डॉक्टर सांगतील तेव्हा.