आधी बॅग उलटी करून बघा

बॅगांवरच्या एका लेखात विमानातल्या केबिन क्रूसाठी चार चाकांची हार्डशेल (कडक कवचाची) बॅग सुचवली आहे. मी ९ वर्षं या नोकरीत आहे, म्हणून कळकळीने सांगते, दोन चाकांचीच घ्या. चार चाकांची बॅग क्रूच्या बसमध्ये एका जागी उभी राहत नाही. शिवाय ती छोटी चाकं बाहेर आलेली असतात, फरशीच्या फटीत अडकली की गेलीच. माझं एक चाक पहाटे ३ वाजता हॉटेलच्या दारातच निखळलं. रिव्हेटने, म्हणजे उघडता न येणाऱ्या खिळ्याने ठोकलेलं होतं, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. तेव्हापासून दुकानात बॅग आधी उलटी करते. चाक स्क्रूने बसवलेलं असेल तरच पुढचं बोलणं. मग दांडा पूर्ण ओढून हलवायचा, खडखडला की ती नको. कापड जाड नायलॉनचं, आणि रिकामी बॅग ३ किलोच्या आत.

दोन चाकं आणि ओढता येणारा दांडा असलेली उभी बॅग १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे पायलट रॉबर्ट प्लाथ यांनी तयार केली. सुरुवातीला ती त्यांनी सहकारी क्रूलाच विकली. आमच्याच कामातून आलेली रचना आहे ही! नवीन लागलेल्या मुलींनो, पहिल्या पगारात रंग बघून बॅग घेऊ नका गं.